नावातच दिलेला शब्द

माझ्या आजोबांच्या हयातीत त्यांच्या मंडळीची तीन नावं झाली, पण आजोबा नगरच्या त्याच चर्चमध्ये, खिडकीजवळच्या त्याच बाकावर बसत राहिले. त्यांच्या लहानपणी ती अमेरिकन मराठी मिशनची मंडळी होती. पुढे प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्यांचं एकत्रीकरण झालं, तेव्हा ती 'युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया'त गेली. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा पंथ एकत्र आले आणि आम्ही 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'चे, म्हणजे रोजच्या बोलण्यातले सीएनआयवाले झालो. मी शाळेत शिकवत असताना एका मुलाने विचारलं होतं, "बाई, नगर उत्तर भारतात कधी गेलं?" आता तर नगरचंही अहिल्यानगर झालं आहे. खेड्यापाड्यांतले लोक मात्र आम्हाला तेव्हाही 'मिशनवाले' म्हणत आणि आजही म्हणतात.

यातल्या एकाही नावावरून आम्ही काय मानतो ते कळत नाही. कुठे राहतो आणि पूर्वी पैसे कुठून येत, एवढंच कळतं. त्यामुळे 'सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट' या नावाबद्दल मला कायम कुतूहल वाटत आलं आहे. खरं सांगायचं तर थोडा हेवाही. मी त्या पंथाची नाही. मी रविवारी उपासनेला जाते, प्रभू रविवारी उठला म्हणून जाते, आणि शनिवारच्या त्यांच्या आग्रहाबाबत माझे मतभेद आहेत. पण नावाच्या बाबतीत त्यांनी जे धाडस केलं ते आम्हाला कुणालाच जमलेलं नाही, असं माझं मत आहे.

बऱ्याच ख्रिस्ती पंथांची नावं इतरांनी ठेवलेली आहेत. ऑक्सफर्डमधले काही तरुण प्रार्थना, उपास, तुरुंगातल्या कैद्यांना भेटी हे सगळं वेळापत्रक लावून करत, म्हणून त्यांची टिंगल झाली आणि त्या टिंगलीतून 'मेथडिस्ट' आलं. आपल्या अनुयायांनी आपलं नाव लावू नये असं ल्यूथरला वाटत होतं. लोकांनी ते लावलंच. 'ख्रिस्ती' हे नावसुद्धा शिष्यांना पहिल्यांदा अंत्युखियात मिळालं, असं प्रेषितांच्या कृत्यांत म्हटलं आहे. आपल्याकडचं सगळ्यात सुरेख उदाहरण तर ख्रिस्ती नाहीच. रायगड भागातले बेने इस्राएली तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. शेजाऱ्यांना दिसत होतं तेवढंच त्या नावात आलं: धंदा आणि सुट्टीचा वार. घाणा का थांबतो, हे नाव ठेवणाऱ्याला माहीत असायचं कारण नव्हतं.

ॲडव्हेंटिस्टांनी स्वतःचं नाव मत घेऊन ठरवलं, आणि तेही फसगतीनंतर.

विल्यम मिलर हा न्यूयॉर्क राज्यातला शेतकरी, बॅप्टिस्ट, 1812च्या युद्धात लढलेला. त्याने दानीएलाच्या आठव्या अध्यायातले 2300 दिवस म्हणजे 2300 वर्षं धरली, इ.स.पू. 457पासून मोजायला सुरुवात केली आणि 1843च्या सुमारास प्रभू परत येणार या निष्कर्षाला तो पोचला. ते वर्ष सरलं, मग चळवळीतल्या दुसऱ्या एका प्रचारकाने नेमकी तारीख काढली: 22 ऑक्टोबर 1844. वाट पाहणाऱ्यांची संख्या पन्नास हजारांपासून एक लाखापर्यंत असावी, असे अंदाज आहेत. लिओनार्ड हेस्टिंग्ज नावाच्या शेतकऱ्याची गोष्ट ॲडव्हेंटिस्ट घरांतून अजून सांगितली जाते. प्रभू येणारच आहे तर बटाटे कशाला काढायचे, म्हणून त्याने ते जमिनीतच ठेवले. प्रभू आला नाही. शेजाऱ्यांनी आधी काढून ठेवलेले बटाटे त्या वर्षीच्या रोगाने कुजले, याचे जमिनीत शाबूत राहिले आणि त्याला भाव चांगला मिळाला. शेतकऱ्याच्या घरी वाढलेल्या कुणालाही ही गोष्ट आवडेल. पण त्या गोष्टीतून बाकीच्यांचं काय झालं ते कळत नाही. त्या रात्रीला इतिहासात 'महानिराशा' म्हणतात. लोकांची रस्त्यात टर उडवली गेली, कित्येकांनी श्रद्धाच सोडली. मिलर 1849मध्ये वारला. तारीख चुकली हे त्याने मान्य केलं होतं, येण्यावरचा विश्वास मात्र सोडला नव्हता.

जे थोडे उरले त्यांनी आकडा बरोबर आणि घटना वेगळी, असा अर्थ लावला: त्या दिवशी ख्रिस्ताने स्वर्गीय पवित्रस्थानातलं शेवटचं काम सुरू केलं. बाहेरच्यांना हे पळवाटेसारखं वाटतं, मलाही पुरतं पटत नाही. याच उरलेल्यांत जोसेफ बेट्स हा निवृत्त जहाजी कप्तान होता. त्याने 1846मध्ये शब्बाथावर, म्हणजे विश्रांतीच्या सातव्या दिवसावर, पुस्तिका काढली आणि शनिवारचा आग्रह या लोकांत रुजवला. जेम्स व्हाइट आणि त्याची बायको एलन हेही त्यांच्यातलेच. महानिराशेच्या रात्री एलन सोळा वर्षांची होती.

नावाची वेळ आली ती छापखान्यामुळे. मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीक गावी यांचं मुद्रणालय होतं आणि ते कायद्याने जेम्स व्हाइटच्या अंगावर होतं. उद्या तो मेला तर यंत्रं कुणाची, कर्ज कुणाचं? संस्था नोंदवायची तर संस्थेला नाव हवं. आणि नेमकं तेच नको होतं. हे लोक आपापल्या जुन्या मंडळ्यांतून हाकलले गेलेले किंवा स्वतः बाहेर पडलेले; संघटना म्हणजेच बाबेल असं त्यांच्या कानांवर वर्षानुवर्षं पडलं होतं. त्यांच्यातल्या आर. एफ. कॉट्रेलने तर उत्पत्तीच्या अकराव्या अध्यायाचाच दाखला दिला. बाबेलचा बुरूज बांधणाऱ्यांना स्वतःचं नाव करायचं होतं, मग आपणही तेच करायचं का? मला हा आक्षेप मनापासून आवडतो. ठेवीच्या पावतीवर कुणाचं नाव घालायचं या वादात थेट बाबेलचा बुरूज आणणारे लोक आमच्या पंचकमिटीतही आहेत, आणि ते नेहमीच चुकीचे नसतात.

सप्टेंबर 1860च्या अखेरीस बॅटल क्रीकला सभा भरली. 'चर्च ऑफ गॉड' या नावाला बराच पाठिंबा होता. ते शास्त्रातलं, साधं, कुणाला न खुपणारं. पण ते आधीच इतरांनी वापरलेलं होतं, आणि त्यात थोडी मिजासही होती, कारण 'आम्ही देवाची मंडळी' म्हणताना बाकीचे कुणाचे, हा प्रश्न उरतोच. शेवटी 1 ऑक्टोबरला डेव्हिड ह्यूइट याने मांडलेला 'सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट' नावाचा ठराव मंजूर झाला. मे 1863मध्ये साडेतीन हजारांच्या आसपास सभासद घेऊन त्यांची जनरल कॉन्फरन्स स्थापन झाली. आज जगभर ते दोन कोटींहून अधिक आहेत.

त्या ठरावात काय होतं ते नीट पाहा. सोळा वर्षांपूर्वी ज्या गोष्टीसाठी गावोगाव हसं झालं होतं, तीच गोष्ट त्यांनी 'ॲडव्हेंटिस्ट' या शब्दात पाटीवर लिहिली: प्रभू येणार आहे. तारीख काढून टाकली, अपेक्षा ठेवली. आणि तिच्या शेजारी चौथ्या आज्ञेतला सातवा दिवस बसवला. तो मागे बघायला लावतो, जग निर्माण झालं तिथपर्यंत. दुसरा अर्धा भाग पुढे, जिथे त्यांच्या मते हे सगळं संपून नवं सुरू होईल. या दोन टोकांच्या मध्ये माणसाने दर आठवड्याला एक दिवस हातातलं काम खाली ठेवायचं. एवढं सगळं मिरवणारं नाव तोंडाला बोजड आहेच. पण ते लावणाऱ्याला लपता येत नाही. 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' म्हणवून घेऊन मी काहीही मानू शकते. शनिवारी दुकान उघडं ठेवणारा ॲडव्हेंटिस्ट मात्र चारचौघांत सापडतो.

नगरला आमच्या शेजारी ॲडव्हेंटिस्ट कुटुंब होतं. त्या बाईंना मी मावशी म्हणत असे. शुक्रवारी दुपारपासून त्यांच्या घरात लगीनघाई असायची: धुणं, झाडलोट, दुसऱ्या दिवसाचा स्वयंपाक, मुलांच्या आंघोळी, सगळं सूर्य मावळायच्या आत. मग दिवा लागला की गाणं, आणि शनिवारी सकाळी भेटलं की 'हॅपी सॅबथ'. चहा त्यांच्याकडे नसायचा. मावशींच्या सासऱ्यांच्या दफनविधीला आम्ही गेलो होतो. आमच्याकडे माणूस गेला की पत्रिकेत 'प्रभूमध्ये निद्रिस्त' छापतात, आणि पाळक कबरेपाशी सांगतात की तो आत्ता प्रभूच्या सान्निध्यात आहे. दोन्ही एकदम कसं, असं कुणी विचारत नाही. ॲडव्हेंटिस्टांचा हिशेब सरळ आहे: मेलेला झोपला आहे, त्याला काही कळत नाही, आणि प्रभू येईल तेव्हाच तो उठेल. म्हणजे तो आला नाही तर कुणीच उठणार नाही. त्यांची सगळी आशा त्या एका येण्यावर टांगलेली आहे. नावातला दुसरा भाग तिथे, मातीच्या ढिगाऱ्यापाशी, मला नीट समजला.

पुण्यात आल्यावर हे नाव वेगळ्या रूपात भेटलं. औंध रस्त्यावरचं स्पायसर कॉलेज पुणेकरांना ठाऊक आहे ते तिथल्या ब्रेड आणि पीनट बटरमुळे. कॉलेज सुरू झालं 1915मध्ये कोइमतूरला, मग बंगळूर, आणि 1942मध्ये पुण्यात आलं. ज्यांच्यावरून नाव पडलं ते विल्यम स्पायसर कोलकात्यात 'ओरिएंटल वॉचमन' हे मासिक चालवत. त्याच नावाचं प्रकाशनगृह पुढे पुण्यात, सॅलिसबरी पार्कात आलं. वॉचमन, म्हणजे पहारेकरी: पहाट व्हायची वाट पाहणारा.

इथे माझी एक तक्रार आहे. आज कुणालाही ॲडव्हेंटिस्टांबद्दल विचारा: शनिवार पाळतात, डुक्कर खात नाहीत, दारू-सिगारेट नाही, दवाखाने चांगले. कॉर्नफ्लेक्सच्या केलॉगपर्यंत गाडी जाते. म्हणजे नावाचा पहिला अर्धा भाग लोकांपर्यंत पोचला, दुसरा नाही. यात लोकांची चूक कमी आणि पंथाची जास्त. वार पाळता येतो, दाखवता येतो, मुलांना शिकवता येतो. वाट पाहणं दिसत नाही. त्यातच तारखा काढण्याचा जुना रोग अधूनमधून उपटतो. 1993मध्ये टेक्सासमधल्या वेकोला जी माणसं जळून मेली, तो गट याच पंथातून फुटलेल्या एका शाखेची शाखा होती. मूळ मंडळीने त्यांना कधीच दूर केलं होतं, हे खरं. पण अशा आगीनंतर 'प्रभू लवकर येतो आहे' हे जरा हळू आवाजात म्हणावंसं वाटलं तर नवल नाही.

जगाचा अंत जवळ आला म्हणता, मग कॉलेजच्या इमारती कशाला बांधता, असंही त्यांना विचारलं जातं. हा टोमणा मला पटत नाही. बटाटे जमिनीत ठेवण्याची परीक्षा ते एकदा देऊन बसले आहेत. त्यानंतर शहाणपण आलेल्यांनी पेरणीही करायची आणि वाटही पाहायची असं ठरवलं असेल, तर त्यात ढोंग कुठे आहे?

आमच्याकडेही अशी नावं ठेवणारी माणसं होऊन गेली. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या आश्रमाला 'मुक्ती' म्हटलं. नारायण वामन टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला; बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले सगळे त्यात यावेत असं त्यांना वाटत होतं. दोनच वर्षांत ते गेले आणि दरबारही फार टिकला नाही. 1970 साली सहा पंथांनी आपापले झेंडे खाली ठेवले, ही गोष्टही लहान नव्हती, त्यामागे ऐक्याची मोठी आशा होती. नावात मात्र आम्ही दिशा घातली, उत्तर. समितीत सगळ्यांना चालणारं नाव निवडलं की असंच होतं. 'चर्च ऑफ गॉड'ला बॅटल क्रीकमध्ये हात वर झाले असते, तर त्यांचंही तेच झालं असतं.

असं नाव लावायची किंमत पडते. दक्षिण कॅरोलायनातल्या कापड गिरणीत ॲडेल शेर्बर्ट ही ॲडव्हेंटिस्ट बाई काम करत होती. गिरणीने आठवडा सहा दिवसांचा केला, शनिवारी यायला तिने नकार दिला, नोकरी गेली, बेकारभत्ताही नाकारला गेला. 1963मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तिच्या बाजूने निकाल दिला. मावशींच्या मुलाचं कुणी ऐकलं नाही. त्याचा एक पेपर शनिवारी आला, तो बसला नाही, वर्ष गेलं. घरात कुणी रडारड केली नाही, अर्जही एकच केला. मला त्या शांतपणाचा राग आला होता.

2014मध्ये आपल्याच विधिमंडळाने कायदा करून स्पायसरला विद्यापीठ केलं, 'ॲडव्हेंटिस्ट' हे नाव लावून. ज्या राज्याने ते नाव कायद्यात छापलं, त्या राज्यातल्या परीक्षा मंडळांनी त्याचा अर्थही वाचावा, एवढीच माझी मागणी आहे. मी आयुष्यभर प्रश्नपत्रिका काढल्या. पेपर फुटला तर हाताशी असावा म्हणून दुसरा संच आम्ही तयार ठेवतच असतो. शनिवारी न बसणारी दहा-वीस मुलं असतील, तर त्यांना तो संच सोमवारी द्यायला काय हरकत आहे?