चुकायची मजुरी

मी नाचणारा नव्हे. ढोल वाजवणारा. तोही १४ एप्रिलचा. बाकीचे दिवस गवंड्याच्या हाताखाली चिरे उचलतो. तेव्हा नाचावर लिहायचा तुला काय अधिकार, असं कुणी विचारील, तर आधीच सांगून टाकतो. तीन आठवडे मी नाच जन्माला येताना पाहिला आहे. कोपऱ्यात बसून, ढोल मांडीशी घेऊन. शेवटच्या संध्याकाळी जे पाहुणे गाड्यांतून आले, त्यांनी तयार भाकरी खाल्ली. मी पीठ मळताना पाहिलं.

मालवणहून देवबागेकडे जाताना एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी. मधल्या पट्टीत सुरूच्या बनामागं एक बंगला. गेल्या थंडीत तिथं शहरातून चार कोरिओग्राफर राहायला आले. याला रेसिडेन्सी म्हणतात. म्हणजे जागा फुकट, जेवण फुकट, वर मानधन. अट एकच, नवं काहीतरी करून बघा. आणि गंमत पुढंच आहे. नाही जमलं तरी चालेल!

मला ठेक्यासाठी बोलावलं होतं. आमच्या आतेला केर-लादीसाठी. दोघं एकाच दारानं आत जायचो. मागच्या.

सकाळी आठला ती मंडळी जमिनीवर उताणी पडायची. अर्धा तास नुसता श्वास. मग एकजण सांगायची, "हात नाहीतच असं समजून दारापर्यंत जा." जायचे. "आता तेच, पण पाठीवर कुणीतरी बसलंय." पुन्हा जायचे. मोबाईलवर उतरवून घ्यायचे, गोल बसून बघायचे, वहीत लिहायचे, वीसातलं एकोणीस टाकायचे. फरशीवर रंगीत चिकटपट्ट्यांच्या खुणा. घामानं लादी ओली. काम खोटं नव्हतं. हे मी कबूल करतो, कारण खोटं लिहून विद्रोह होत नाही. घाम मला ओळखता येतो.

दहाव्या दिवशी त्यांतल्या एकीनं सगळं मोडून टाकलं. दहा दिवसांचं काम. म्हणाली, "हे माझं नाही, उसनं आहे." शिकवायला आलेला वडीलधारा गुरू हसला नि म्हणाला, "छान झालं. आता सुरू होईल." कुणी ओरडलं नाही. कुणी पैसे कापले नाहीत. दुपारी सोलकढी होती, सगळे जेवले.

त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझी भाची दहावीला आहे. जयंतीला विहारापुढं नाचते. पोरीच्या अंगात वारं आहे. ती दोन दिवस खिडकीशी उभी राहून बघत होती. घरी जाताना विचारते कशी, "मामा, तेंका चुकूचे पैशे गावतत?"

होय गे बाय. चुकायचे पैसे मिळतात त्यांना. या लेखात मला एवढंच सांगायचं आहे.

माझा आजा देवळाबाहेर ढोल वाजवायचा. बाहेर. पालखी नाचायची आत नि अंगणात, आजा गडग्यापलीकडं. ठेका चुकला तर गाळी, आणि वाट्याचं भात कमी. पालखीचं पाऊल अडखळलं तरी खापर ढोलावर. त्याला तालीम नव्हती, नाव नव्हतं, आणि चुकायची सोय तर नव्हतीच. १९५६ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली. ती हवा आमच्या वाडीपर्यंत आली तेव्हा आज्यानं ढोल माळ्यावर टाकला. म्हणाला, "ह्यो ढोल आता देवाच्या दारात वाजूचो नाय." त्यानंतर गावानं आमच्यावर राग धरला तो धरलाच. आज्यानं शब्द मोडला नाही.

आता या बंगल्यातली गोष्ट ऐका. बाराव्या दिवशी मला म्हणतात, "दादा, हे जयंतीचं नको. ते खूप आजचं वाटतं. तो जुना ठेका वाजवा ना, देवळातला. अस्सल."

अस्सल! आमच्या आज्याच्या पाठीवरचा वळ यांना अस्सल वाटतो, आणि आमचं उभं राहणं 'आजचं' वाटतं. मी म्हटलं, तो आम्ही सोडला. ती म्हणाली, "पण आम्ही त्यावर शोध घेतोय." घ्या. पण शोध हरवलेल्या वस्तूचा घेतात. ही वस्तू हरवली नाही, टाकून दिली आहे. कुणी टाकली, कशासाठी टाकली, हे विचारलं असतं तर मी रात्रभर सांगितलं असतं. त्यांना ठेका पाहिजे होता. कारण नको होतं.

मी वाजवला नाही. माझे दोन दिवसांचे पैसे कापले. तेव्हा कळलं, चुकायची मुभा त्या लादीच्या मधोमध आहे, कोपऱ्यापर्यंत ती पोचत नाही.

आणि आमची आते. ती वाकून केर काढायची. त्यांतली एकजण तीन दिवस तिच्या मागं मागं फिरली. तिचं वाकणं, उजवा पाय आधी टाकणं, मधेच कंबरेवर हात ठेवून उठणं, सगळं उचललं. नाचात घातलं. सुंदर दिसत होतं, नाकारत नाही. आते दारात उभी राहून बघत होती. मला हळूच म्हणाली, "माझी कंबर दुखता आणि तिची नाचता."

शेवटच्या दिवशी छापील कागद वाटला. चार कोरिओग्राफरांची नावं, दिवेवाल्याचं नाव, फोटोवाल्याचं नाव. तळाला बारीक अक्षरात 'स्थानिक कलाकारांचे आभार'. म्हणजे आम्ही. माडासारखे, वाळूसारखे स्थानिक.

कुणी म्हणेल, जगात असंच चालतं. नाही चालत. जर्मनीत पिना बाऊश नावाची बाई होऊन गेली, २००९ साली वारली. ती नर्तकांना प्रश्न विचारायची आणि त्यांच्या उत्तरांतून, त्यांच्या आठवणींतून नाच बांधायची. पण उत्तर देणारा स्वतः रंगमंचावर उभा असायचा, नावासकट. इथं उत्तर आतेचं आणि अंग दुसरीचं. आते संध्याकाळच्या कार्यक्रमात कुठं होती? खुर्च्या लावत होती.

हा खेळ जुना आहे. तमिळ मुलखात देवळातल्या बायका सादिर नाचायच्या. त्यांचा नाच भरतनाट्यम् म्हणून शुद्ध झाला, वरच्या जातींच्या मुलींच्या अंगावर चढला. १९४७च्या मद्रासच्या कायद्यानं देवाला मुली वाहणं बंद झालं, ते योग्यच झालं. पण पावलं वर गेली आणि पावलांच्या धनिणी खालीच राहिल्या.

आपल्या मुंबईचं घ्या. १९४४च्या सुमारास इप्टाचं मध्यवर्ती पथक अंधेरीच्या बंगल्यात एकत्र राहून काम करायचं. उदय शंकरांच्या अल्मोड्याच्या केंद्रातून आलेले शांती बर्धन तिथं नाच बसवायचे. चैन नव्हती, पण छप्पर होतं, रोजची तालीम होती, आणि त्यातून मोठं काम उभं राहिलं. त्याच १९४४ साली त्याच मुंबईत अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक उभं राहिलं. ते चाळीत नि मैदानात. अण्णाभाऊ पुढं घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहिले. बर्धनांचा मी अपमान करत नाही. मी फक्त विचारतो, अण्णाभाऊंना सहा महिने कुणी असा बंगला दिला असता तर? त्यांनी काय काय लिहून फाडलं असतं, आणि न फाडलेलं काय उरलं असतं?

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. फडावर नाच चालू असताना कळा आल्या, पडद्यामागं बाळंत झाली, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला उभी राहिली. ही गोष्ट तमाशाचे शौकीन अभिमानानं सांगतात. लाज वाटायला पाहिजे ती गोष्ट अभिमानानं! ज्या बाईला बाळंतपणाची रात्र मिळाली नाही, तिला 'आज सुचत नाही, उद्या बघू' म्हणायची सोय कुठली? तिला राष्ट्रपतींचं पदक मिळालं, आणि २००२ला ती गेली ती हलाखीत. आपल्याकडं पदक देतात, वेळ देत नाहीत. पदकाला एक संध्याकाळ पुरते, वेळेला भाताचं पातेलं लागतं.

आमच्या जिल्ह्याचे दशावतारी घ्या. लिहिलेली संहिता नाही, कथा ठरली की रात्रभर स्वतःच्या जिभेवर राजे नि राक्षस उभे करतात. शहरचे लोक म्हणतात, काय ही उत्स्फूर्तता! खरंच आहे. पण त्या माणसाला कुणी कधी विचारलं का, की बाबा, तुला एक महिना पगारी दिला तर तू काय नवीन करशील?

आता आमच्याच मंडळींशी दोन शब्द. काही मित्र म्हणतात, नाचगाणं ही गुलामीची खूण, ते सोडा, पोरांना शिकवा. शिकवाच. पण मित्रांनो, १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा काढला, तेव्हा त्यांनी तमाशा जाळला नाही. साचा घेतला नि आतला माल बदलला. गावोगावच्या लोकांना चळवळ त्या जलशानं समजावून सांगितली. म्हणजे नवं काम उभं करणं आम्हाला कुणी बाहेरून शिकवायला नको. आज्यानं देवाचं दार सोडलं, हात सोडले नव्हते. माळ्यावरचा ढोल कधी काढायचा, त्यावर कुठला ठेका टाकायचा, हे ठरवायचा हक्क आमच्याकडं आहे. दुसऱ्या कुणी 'अस्सल' म्हणून मागायचा नाही, आणि आमच्यातल्या कुणी 'लाजिरवाणा' म्हणून अडवायचाही नाही.

म्हणून ही मागणी. सरकारकडं नंतर, आधी आपल्याकडं. आमच्या वाडीत समाजमंदिर आहे. १४ एप्रिल नि ६ डिसेंबर सोडला तर त्याला कुलूप असतं. आत फरशी आहे, पंखा आहे. पावसाळ्यात चिऱ्याचं काम बंद असतं, तेव्हा तीन आठवडे ते उघडा. सात-आठ पोरंपोरी, एक ढोल, आणि आमची आते, केर काढायला नव्हे, मधोमध उभी राहायला. जेवण वर्गणीतून. मजुरी गवंड्याच्या हाताखालच्या गड्याइतकी, रोजची रोज. शेवटी कार्यक्रम झालाच पाहिजे अशी अट नाही. कुणाच्या हस्ते उद्घाटन नाही. सगळं मोडून टाकावं लागलं तरी मजुरी कापायची नाही.

वाडीच्या बैठकीत मी हे मांडलं. एकजण म्हणाला, "आणि काहीच नाय झाला तर?"

भाची मागं बसली होती. ती म्हणाली, "तर पुढच्या पावसाळ्यात परत."

कुलपाची किल्ली अध्यक्षांकडं आहे. ती मागायला मी रविवारी जाणार आहे. येणाऱ्यांनी यावं.