बूस्ट क्लॉकचा आकडा मोठा, वॉरंटीची अक्षरे बारीक

ऐरोली : गेल्या मे महिन्यात मावसभावाचा फोन आला. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीत थ्रीडी अ‍ॅनिमेशनची छोटी कामे घेतो. ‘दादा, कार्ड खराब निघालंय. २४६० लिहिलंय आणि इथे २३८० च्या वर जातच नाही. वॉरंटीत बदलून मिळेल ना?’

कार्ड होते एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०६०. जवळपास तीस हजारांची खरेदी, त्यातले निम्मे पैसे मावशीने भिशीतून दिलेले. त्यामुळे घरात तणाव होता. दुकानदाराला विचारले तर तो म्हणाला, ‘वॉरंटी तीन वर्षं आहे, पण ओव्हरक्लॉक केलं असेल तर नाही.’ म्हणजे मूळ प्रश्न बाजूलाच राहिला आणि संशय ग्राहकावर आला.

बूस्ट क्लॉक म्हणजे नेमके काय?

ग्राफिक्स कार्डाच्या माहितीत दोन वेग दिलेले असतात. पहिला बेस क्लॉक, म्हणजे जड काम सुरू असताना कार्डाने किमान जो वेग राखावा अशी अपेक्षा असते तो. दुसरा बूस्ट क्लॉक, म्हणजे तापमान, वीज आणि व्होल्टेज यांना वाव असेल तेव्हा कार्ड स्वतःहून गाठते तो. आरटीएक्स ४०६० साठी हे आकडे अनुक्रमे १८३० आणि २४६० मेगाहर्ट्झ आहेत.

एनव्हिडियाने ही पद्धत मार्च २०१२ मध्ये जीटीएक्स ६८० सोबत आणली. तिच्या व्याख्येत बूस्ट हा ‘साधारणपणे मिळणारा’ वेग आहे. त्यामुळे थंड खोलीत कार्ड त्याच्याही पुढे जाते आणि गरम झाले की मागे येते. एएमडीकडे मात्र बूस्ट म्हणजे गाठता येणारे वरचे टोक. म्हणूनच २०१९ मध्ये आलेल्या आरएक्स ५७०० एक्सटीपासून तिने तिसरा आकडा द्यायला सुरुवात केली : बेस १६०५, गेम १७५५ आणि बूस्ट १९०५. शब्द एकच, पण दोन कंपन्यांकडे त्याचा अर्थ वेगळा. दुकानात हा फरक सहसा कोणी समजावून सांगत नाही.

सोपे उदाहरण घ्या. ठाणे-बेलापूर रस्त्यावर पहाटे पाचला गाडी जितकी पळते, तितकी सकाळी नऊला पळत नाही. म्हणून इंजिन बिघडले असे आपण म्हणत नाही. कार्डासाठी हा ट्रॅफिक म्हणजे उष्णता. आमच्या ऐरोली-रबाळे पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर्स आहेत. तिथे यंत्रे थंड ठेवण्याची स्वतंत्र व्यवस्था असते. भावाचा पीसी मात्र वन बीएचकेतल्या टेबलाच्या बंद कप्प्यात, भिंतीला टेकून होता.

मग दोष कधी मानायचा?

वेग बूस्टपेक्षा कमी पण बेसपेक्षा जास्त असेल, तर तो एवढ्यावरून दोष ठरत नाही. काही काम सुरू नसताना वेग दोन-तीनशेवर आला, तर तेही योग्यच; कार्ड वीज वाचवत असते. पण हवा खेळती आहे, वीजपुरवठा पुरेसा आहे, तापमान आटोक्यात आहे आणि तरीही भर कामात वेग बेसच्या खाली रेंगाळतो, तर तक्रार करायला आधार आहे.

तिसरी शक्यता सर्वांत महत्त्वाची : कंपनीच्याच सेटिंगवर कार्ड बंद पडणे. सप्टेंबर २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० बाजारात आले तेव्हा जगभरातल्या ग्राहकांच्या संगणकांवर गेम अचानक बंद पडू लागले. बूस्ट २००० मेगाहर्ट्झच्या आसपास गेला की हे होत असे. काही दिवसांतच एनव्हिडियाने नवा ड्रायव्हर दिला आणि अनेकांचा त्रास थांबला. त्या ग्राहकांनी कशालाच हात लावला नव्हता; वेग कार्डाने स्वतःच वाढवला होता.

ओव्हरक्लॉकिंग आणि वॉरंटी

बॉक्सवर ‘ओसी’ लिहिलेले असेल तर तो वाढीव वेग कारखान्यातून आलेला असतो आणि तो वॉरंटीत बसतो. तुम्ही स्वतः सॉफ्टवेअरने वेग वाढवला आणि त्यातून नुकसान झाले, तर बहुतेक कंपन्या हात वर करतात. इथपर्यंत ठीक. माझा आक्षेप पुढे आहे. जाहिरात वेगाचीच करायची, वेग वाढवणारे सॉफ्टवेअरही अनेकदा कंपनीनेच द्यायचे आणि बिघाड झाला की ‘ओव्हरक्लॉक केले असेल’ एवढ्या शंकेवर ग्राहकाला परत पाठवायचे, हे न्याय्य नाही. नुकसान त्यामुळेच झाले, हे कंपनीने लेखी कारणासह दाखवावे. बूस्टच्या शेजारी तेवढ्याच अक्षरांत बेस क्लॉक आणि तो आकडा कोणत्या तापमानाला मिळतो, हेही छापावे.

स्क्रूवरच्या ‘काढल्यास वॉरंटी रद्द’ या स्टिकरचेही तसेच. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जुलै २०२४ मध्ये एएसरॉक, झोटॅक आणि गिगाबाइट यांना अशा स्टिकरवरून इशाऱ्याची पत्रे पाठवली. आपला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ स्टिकरचे नाव घेत नाही. मात्र सदोष वस्तू, दिशाभूल करणारी जाहिरात आणि बिल न देणे या तिन्हींवर तो बोलतो.

ग्राहकाने काय करावे?

लॅमिंग्टन रोडला जा किंवा ऑनलाइन मागवा, पक्के बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. बॉक्स उघडतानाच नंबरचा फोटो काढा. तक्रार करण्यापूर्वी सर्व सेटिंग मूळ स्थितीत आणा आणि वेग व तापमान एकत्र दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा. नकार मिळाला तर तो ईमेलवर मागा.

त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे ऐरोलीकरांसाठी ठाणे जिल्हा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, अर्ज ऑनलाइन होतो आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

भावाच्या बाबतीत एवढी वेळ आली नाही. पीसी कप्प्यातून बाहेर काढला, पंख्यांवरची धूळ साफ केली. ८४ अंशांवरचे तापमान ७१ वर आले आणि वेग २६०० च्या पुढे गेला. मावशीचा जीव भांड्यात पडला. पण कार्ड खरोखरच सदोष असते, तर दुकानदाराच्या त्या एका वाक्यावर हा मुलगा गप्प बसला असता. त्याच्याकडे बिल होते. त्या बिलाच्या जोरावर काय मागता येते, हे मात्र त्याला कोणी सांगितले नव्हते.