रितूचं काय?

ठाण्यातल्या एका सोसायटीत एका बारीकशा इंग्रजी कादंबरीची एकच प्रत गेल्या पावसाळ्यापासून जिने चढते-उतरते आहे. पाच बिऱ्हाडं, पाच वाचक, सगळ्या बायका. प्रत ज्यांची, त्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. त्यांनी सवयीनं तिला खाकी कव्हर घातलं, आत एक पेन्सिल ठेवली आणि अट घातली: जे वाटेल ते समासात लिहा, पण पेनानं नको. प्रत फिरून परत आली तेव्हा समास भरलेले होते आणि शेवटच्या कोऱ्या पानावर चार वेगवेगळ्या अक्षरांत एकच प्रश्न होता. रितूचं काय?

कादंबरी आहे रूथ प्रॉवर झाबवाला यांची ‘हीट अँड डस्ट’. 1975 साली ती आली आणि त्याच वर्षी तिला बुकर पारितोषिक मिळालं. लेखिका 1927 साली जर्मनीतल्या कोलोन शहरात एका ज्यू कुटुंबात जन्मली, इंग्लंडमध्ये शिकली, पारशी वास्तुरचनाकाराशी लग्न करून 1951 साली दिल्लीला आली आणि जवळजवळ पाव शतक तिथंच राहिली. म्हणजे पाहुणीही नव्हे आणि घरचीही नव्हे. या पुस्तकाबद्दल आपल्याकडे पहिल्यापासून जी नाराजी आहे, तिचं मूळ याच मधल्या जागेत आहे.

गोष्ट दोन काळांत चालते. 1923 साली सतीपूर गावातल्या इंग्रज अधिकाऱ्याची तरुण बायको ऑलिव्हिया शेजारच्या खत्म संस्थानाच्या नवाबात गुंतते आणि शेवटी नवऱ्याला सोडून त्याच्याकडे जाते. पन्नासएक वर्षांनी त्याच अधिकाऱ्याची, दुसऱ्या लग्नापासूनची नात ऑलिव्हियाची पत्रं घेऊन मुंबईत उतरते, सतीपूरला खोली घेते आणि रोजनिशी लिहू लागते. तिला भेटतो सरकारी कचेरीतला कारकून इंदरलाल. बाबा फिरदौसचा दर्गा दोन्ही काळांत तोच, मूल व्हावं म्हणून तिथं नवस बोलायला येणाऱ्या बायकाही त्याच. तिथं सहलीला जाणं दोघींच्या वाट्याला येतं, पुढं दोघींना दिवस जातात, आणि तिथून दोघींच्या वाटा फुटतात.

दोन काळांच्या कादंबऱ्या आज भरपूर निघतात. बहुतेकींचा साचा ठरलेला असतो: माळ्यावरची पेटी, जुनी पत्रं, दडवलेलं गुपित आणि शेवटी उलगडा. झाबवालांनी ते मुळातच टाळलं आहे. ऑलिव्हिया नवाबाबरोबर गेली हे वाचकाला सुरुवातीलाच कळतं. गुपितच नाही म्हटल्यावर पानं उलटायची ती फक्त तोलून पाहण्यासाठी, की त्या वेळी एका बाईला काय करता आलं आणि नंतरच्या बाईला काय. हे तोलणं एकट्या वाचकाच्या हातून नीट होत नाही, कारण त्याचा स्वतःचा काळ तागडीच्या एका पारड्यात आधीच बसलेला असतो.

ठाण्याच्या त्या प्रतीत हे लख्ख दिसतं. पाच जणींतल्या सव्वीस वर्षांच्या मुलीनं रोजनिशीचे भाग भराभर उरकले आहेत. तिथं तिची पेन्सिल फारशी थांबत नाही. ‘हिला राग का येत नाही?’ एवढंच एका ठिकाणी. ऑलिव्हियावर मात्र तिचं जीवापाड प्रेम. बाईंना ऑलिव्हिया लाडावलेली वाटते. बंद खिडक्यांच्या घरात पियानो वाजवत नवऱ्याची वाट पाहणारी, कंटाळ्यापायी वाहवत गेलेली. त्यांना रोजनिशीतली अबोल नात आवडते, कारण ती बाजारात जाते, हिंदी शिकते, उन्हाळ्यात इतरांसारखी बाहेर खाट टाकून झोपते. एकाच पानावर एकीचा ‘वा’ आणि दुसरीचा ‘छे’ अगदी शेजारी आहेत.

मग येतं ते पान. नवाबाच्या आईच्या, बेगमेच्या व्यवस्थेनं दोन सुइणी काडी घालून ऑलिव्हियाचा गर्भ पाडतात. त्रास वाढतो, तिला इस्पितळात आणतात, आणि डॉक्टर सॉन्डर्सना ती काडी सापडते. अशा काड्या त्यांनी गावातल्या बायकांच्या बाबतीत आधी पाहिलेल्या असतात, त्यामुळं एका इंग्रज बाईनं काय केलंय ते त्यांना क्षणात कळतं. झाबवाला इथं एक शब्दही चढवून लिहीत नाहीत.

या पानाच्या समासात पंचाहत्तरी ओलांडलेल्या एका माजी परिचारिकेचं अक्षर आहे. तिरकं, बारीक, केसपेपरवर लिहिल्यासारखं. ‘आम्ही वॉर्डात काढल्या आहेत. ताप 104. काही वाचल्या.’ बस, एवढंच. त्या सरकारी इस्पितळात नोकरीला लागल्या तेव्हा गर्भपाताचा कायदा नवा होता. तो 1971 साली संमत झाला आणि 1 एप्रिल 1972 पासून अमलात आला. कायदा आला म्हणून काड्या थांबल्या नाहीत, हे त्या तोंडी सांगतात. ऐकणाऱ्यांपैकी कुणालाच ते ठाऊक नव्हतं, आणि सव्वीस वर्षांच्या मुलीनं ते पान परत वाचायला मागून घेतलं.

रोजनिशीतल्या नातीवरही हीच वेळ येते. माजी नावाची सुईण तिचं पोट चोळायला लागते, आणि तेवढ्यात नात तिला थांबवते. मूल ठेवायचं ठरवते. सव्वीस वर्षांच्या मुलीला हा निर्णय पटत नाही. ठेवण्यावर तिचा आक्षेप नाही, डॉक्टरकडं जाण्याचा विचारही तिथं नाही यावर आहे. तिच्या पिढीला कायद्याची पुढची पायरी माहीत आहे: 2021 च्या दुरुस्तीनं ‘नवरा’ या शब्दाऐवजी ‘जोडीदार’ आला, आणि सप्टेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अविवाहित स्त्रीलाही चोवीस आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीत धरलं. बाईंनी त्याच पानावर उलट्या दिशेला बाण काढला आहे. ऑलिव्हियाच्या गोष्टीच्या दोनच वर्षं आधी, 1921 साली, र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. त्या कामापायी 1925 मध्ये त्यांना विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली, आणि 1927 पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. सतीपूरच्या बंगल्यात ही वार्ता पोचायचं कारण नव्हतं. पण ठाण्याच्या वाचकाला ती पोचलेली असावी, हा बाईंचा आग्रह रास्त आहे.

1923, मग 1973च्या आसपास, आणि आता 2020 नंतरची ही वर्षं. लेखिकेनं पन्नास वर्षांचं एक अंतर लिहिलं, दुसरं वाचकांच्या हातून आपोआप पडलं. हा तिसरा काळ कादंबरीत नाही, समासात आहे.

आणि या तिसऱ्या काळातूनच तो प्रश्न आला. रितू ही इंदरलालची बायको. तिला झटके येतात, तिचं काय करायचं हे घरातले ठरवतात, आणि सासू तिला तीर्थयात्रेला घेऊन जाते. ती नसताना गोरी भाडेकरीण आणि नवरा जवळ येतात. कादंबरीला रितूबद्दल कणव नाही असं नव्हे, पण तिच्या वाट्याला आवाज नाही. बेगमेला पडद्याआडची सत्ता आहे, माजीला हातांत कसब आहे, सती गेलेल्या एका विधवेवरून तर इंग्रजांच्या मेजवानीत कडाक्याचा वाद होतो. पण यांतल्या कुणालाही स्वतःचा काळ दिलेला नाही. दोन्ही काळ इंग्रज बायकांचे. झाबवालांच्या विरोधात आजवर बोललं गेलं ते बरंचसं ‘भारत असा नाहीच’ या अंगानं. ठाण्याच्या पाच जणींचा आक्षेप त्याहून नेमका आणि जास्त खोल आहे: भारत असाच असेल, पण मग त्यातल्या बायकोच्या बाजूनं निदान दहा पानं हवी होती. त्यांच्यातल्या एकीनं 1983 चा जेम्स आयव्हरींचा चित्रपटही पाहिला. त्यात इंदरलाल झाकीर हुसेन आणि रितू रत्ना पाठक आहेत. पडद्यावर चेहरा दिसतो म्हणून रितू जरा मोठी वाटते, पुस्तकात तेवढीही नाही, असं तिचं म्हणणं.

हा आक्षेप छापील परीक्षणात क्वचित दिसतो, कारण परीक्षण एक जण लिहितो आणि एका बैठकीत लिहितो. इथं तो चार महिन्यांत, चार हातांतून, एकीनं दुसरीचं वाचून पक्का केला. महाराष्ट्रात पुस्तक फिरवायची सवय नवी नाही. नाशिकहून 2009 साली निघालेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमाच्या पुस्तकपेट्या देशाबाहेरच्या मराठी घरांतही पोचल्या आहेत, आणि गावोगाव पुस्तक भिशी चालते. पण बहुतेक भिशी एका वयाच्या, एका वर्तुळातल्या माणसांची होते, आणि महिनाअखेरीला चर्चा ‘आवडलं, नाही आवडलं’ इथंच संपते. दोन काळांची कादंबरी हातात आली, तर प्रत आपल्याहून वीस-तीस वर्षांनी मोठ्या आणि तितक्याच लहान माणसाकडं मुद्दाम गेली पाहिजे. मधे पेन्सिल हवी. सार्वजनिक वाचनालयात समासात लिहिणं गुन्हा धरलं जातं, आणि पानं जपायची तर ते बरोबरही आहे. पण पुठ्ठ्याची बांधणी करतानाच शेवटी चार-सहा कोरी पानं शिवून घ्यायला काय हरकत आहे? बाईंडरला त्याचा खर्च नगण्य पडतो.

बाईंनी ते घरीच केलं आहे. खाकी कव्हर बदललं, मागच्या पुठ्ठ्याला आतून फुलस्केपचे सहा कागद डिंकानं चिकटवले. पहिल्या कागदावर परिचारिकेनं रितूच्या वतीनं तीर्थयात्रेहून नवऱ्याला अर्ध्या पानाचं पत्र लिहिलं आहे. सव्वीस वर्षांच्या मुलीनं त्याखाली इंदरलालचं उत्तर सुरू करून दोन ओळींनंतर सोडून दिलं आहे. पुढच्या आठवड्यात प्रत नागपूरला बाईंच्या धाकट्या बहिणीकडं जाईल, पेन्सिलीसकट.