अँटिऑक्सिडंट कोणाच्या बाजूने?

संपादक महोदय,


‘अँटिऑक्सिडंट जितके जास्त, तितका कर्करोग लांब’ हे आपल्या लेखाचे सूत्र अर्धेच खरे आहे. सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज ही विकरे निरोगी पेशींना वाचवतात, हे मान्य. पण गाठीतल्या मूलपेशीही त्याच यंत्रणेच्या आडोशाला बसतात. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००९ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले, की स्तनाच्या कर्करोगातील काही मूलपेशींत ऑक्सिजनचे घातक रेणू कमी असतात, कारण ते निकामी करणारी व्यवस्था तिथे जास्त जोरात चालते. रेडिओथेरपीचा बराचसा मारा याच रेणूंमार्फत होतो, म्हणून या पेशी तगतात. प्रयोगशाळेत त्यांच्यातले ग्लुटाथायोन हे अँटिऑक्सिडंट आटवल्यावर त्या पेशी किरणांना बळी पडू लागल्या.

अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांचे तर विचारूच नका. अमेरिकेतील ‘कॅरेट’ चाचणीत धूम्रपान करणारे आणि ॲस्बेस्टॉसशी संबंध आलेले कामगार मिळून १८,३१४ जण होते. बीटा-कॅरोटीन आणि ‘अ’ जीवनसत्त्व घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्के अधिक आढळला आणि १९९६ मध्ये गोळ्या थांबवाव्या लागल्या.

इथे ॲल्युमिनियमच्या कारखान्याच्या गावात आम्हा मराठी मंडळींत सिगारेट ओढणारे पुष्कळ, आणि सुट्टीवरून परतताना अशा गोळ्यांच्या बाटल्या आणणारेही. (बहुधा तीच माणसे!) आवळा खुशाल खावा, माझा वाद गोळीशी आहे. कर्करोगाचे उपचार चालू असताना ती डॉक्टरांना न विचारता घेऊ नये, एवढे एक वाक्य लेखात हवे होते.

– एक वाचक, रास अल खैर (सौदी अरेबिया)