सुट्या भागाची कैफियत

गृहोपयोगी यंत्रांच्या बाबतीत आपल्याकडे अलीकडे एक विलक्षण न्याय रूढ झाला आहे: बिघाड एखाद्या क्षुद्र भागात होतो आणि शिक्षा मात्र सबंध यंत्राला फर्मावली जाते. जी वस्तू घेण्यापूर्वी घरात महिनाभर खल झाला, जिच्या मापाचा कप्पा सुताराकडून मुद्दाम करवून घेतला, ती वस्तू तिच्या किमतीच्या अल्पांशात येणारा एक पंखा उपलब्ध नाही एवढ्याच सबबीवर भंगारात निघते. आणि यात काही वावगे घडले असे ना विकणाऱ्यास वाटते, ना घेणाऱ्यास. माझ्या मते हा उघड अन्याय आहे, तो टाळता येण्याजोगा आहे, आणि तो टाळण्याची जबाबदारी प्रथम कारखानदाराची, त्यानंतर सरकारची आणि काही अंशी आपणा ग्राहकांचीही आहे.

उदाहरणादाखल स्वयंपाकघरातील ओव्हनचा शीतक पंखा घेऊ. नव्या सदनिकांमधून ओट्याशेजारच्या कपाटात बसविलेला विजेचा ओव्हन आता दुर्मीळ राहिलेला नाही. दिवाळीच्या तोंडावर नानकटाईचे सामान घेऊन बेकरीत जाण्याचा आणि भाजलेली नानकटाई पत्र्याच्या डब्यांतून घरी आणण्याचा परिपाठ त्यामुळे पुष्कळ घरांतून मागे पडला आहे. या ओव्हनमध्ये बहुधा दोन पंखे असतात, हे मात्र त्याच्या मालकांपैकी अनेकांस ठाऊक नसते. पहिला भट्टीच्या मागल्या भिंतीवर असतो आणि आतली उष्ण हवा खेळती ठेवून पदार्थ सर्व बाजूंनी सारखा भाजतो. दुसरा भट्टीच्या माथ्यावर, पत्र्याखाली, दृष्टीआड असतो. भट्टीत अडीचशे अंशांपर्यंत उष्णता चढलेली असताना तिच्यापासून जेमतेम वीतभर अंतरावर असलेली बटणांची व घड्याळाची इलेक्ट्रॉनिक पाटी, तारांची आवरणे आणि बाजूचे लाकूड यांचे रक्षण हा दुसरा पंखा करतो. बाहेरची हवा ओढून घ्यावी, तापलेल्या माथ्यावरून ती वाहवावी आणि दरवाजाच्या वरच्या फटीतून बाहेर टाकावी, एवढेच त्याचे कार्य. आणि ओव्हन बंद केल्यावरही तो काही काळ घरघरत राहतो, तो भट्टी पुरेशी निवेपर्यंत हे कार्य सोडता येत नाही म्हणून.

त्याची मोटर अत्यंत साधी असते. तीत ब्रश नसतात, गुंतागुंतीची यंत्रणा नसते. झिजण्याजोगे जे काय ते दोन्ही टोकांचे बेअरिंग. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्यातले वंगण सुकते, त्यावर स्वयंपाकाच्या तेलकट वाफेचा चिकटा साचतो, मग पंखा प्रथम कुरकुरतो, पुढे किंचाळतो आणि अखेरीस अडकून बसतो. त्यातच सुताराने कप्प्याची मागची बाजू प्लायवूडने गच्च बंद केलेली असली, म्हणजे पंखा आपणच टाकलेली ऊन हवा पुन्हा ओढू लागतो आणि त्याचे आयुष्य आणखी घटते. पंखा थांबला की माथ्यावरील उष्णता-सुरक्षा स्विच वीज तोडतो. ओव्हन काही वेळ तापून मध्येच बंद पडतो, निवल्यावर पुन्हा सुरू होतो, आणि घरातली माणसे समजतात की कॉइल गेली. स्विचने आपले कर्तव्य चोख बजावलेले असते, दोष सर्वस्वी पंख्याचा असतो. परंतु लक्षण भलतीकडे दिसत असल्यामुळे निदानही भलतीकडे जाते.

आमच्या घरी नेमके हेच झाले. कंपनीचा मनुष्य आला, त्याने समोरची बटणे दाबून पाहिली, कप्प्यातून ओव्हन बाहेर काढण्याची तसदी न घेता 'बोर्ड गेलाय' असे निदान केले आणि त्याच श्वासात पुढचा निकालही दिला: 'हे मॉडेल बंद झालंय, साहेब. पार्ट येत नाही. एक्स्चेंजमध्ये नवीन घेऊन टाका.' त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही; दुरुस्तीपेक्षा विक्रीवर ज्याची बढती अवलंबून ठेवली आहे, त्याने दुसरे काय सांगावे? पुढे पुण्याच्या बुधवार पेठेतल्या, विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत चौकशी करता एका वयस्क कारागिराने, वीज तोडून पंख्याला बोट लावून तो फिरतो का एवढे पाहा, असे सांगितले. तो फिरत नव्हता. मोटरच्या वेटोळ्याची मीटरवर तपासणी केली, तर ते शाबूत निघाले. म्हणजे बोर्ड निर्दोष, वेटोळे निर्दोष, अडकले होते ते केवळ बेअरिंग.

पंखा बदलण्याची कृती वाचकांनी डोळ्यांपुढे आणावी, कारण तिच्याभोवती उगाचच गूढतेचे वलय निर्माण केले गेले आहे. ओव्हनच्या मंडळाचा एमसीबी प्रथम पाडायचा आणि वीज खरोखर गेली आहे याची टेस्टरने खातरजमा करायची. दार उघडले की चौकटीच्या दोन्ही अंगांस स्क्रू दिसतात. ते काढून दोघांनी मिळून ओव्हन बाहेर ओढायचा, कारण तो एकट्याने पेलण्याजोगा नसतो आणि त्याच्या पत्र्याच्या कडा बोटे कापतात. माथ्यावरचे झाकण काढल्यावर लांबट, नळकांड्यासारखे पाते आणि त्याच्या एका टोकाला ती चिमुकली मोटर नजरेस पडते. तारांच्या टोकांचे लग काढण्यापूर्वी त्यांचे छायाचित्र घ्यावे, नवा पंखा निवडताना पात्याची लांबी, मोटर कोणत्या अंगास आहे आणि फिरण्याची दिशा कोणती, या गोष्टी जुन्याशी ताडून पाहाव्यात, आणि परत बसविताना कप्प्याच्या मागे हवेला वाट ठेवावी. जाणत्या कारागिराचे हे फार तर अर्ध्या-पाऊण तासाचे काम आहे. विशेष म्हणजे, ओव्हनवर ज्याचे नाव झळकते तो कारखानदार असे पंखे बहुधा स्वतः बनवीतच नाही. ते बनविणारे कारखाने निराळे असतात आणि एकाच जातीचा पंखा निरनिराळ्या नाममुद्रांच्या ओव्हनमध्ये बसविलेला आढळतो. 'पार्ट येत नाही' याचा खरा अर्थ अशा वेळी 'आम्ही तो आणवीत नाही' इतकाच असतो.

आपल्या स्वयंपाकघराची पूर्वपरंपरा याच्या नेमकी उलट होती. रॉकेलच्या पंपाच्या स्टोव्हची पिन, वायसर आणि बर्नर हे जिन्नस गल्लीतल्या दुकानात सुटे मिळत आणि वायसर बदलण्याची विद्या घरोघर अवगत होती. आजही प्रेशर कुकरची रिंग सैल झाली, शिट्टी हरवली वा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला, तर कोणी नवा कुकर घेत नाही. भांड्यांच्या दुकानात जाऊन मापाची रिंग मागतो. कुकर हे वाफेच्या दाबावर चालणारे, निष्काळजीपणे हाताळल्यास प्राणावर बेतणारे साधन असूनही त्याचे सुटे भाग खुल्या बाजारात मिळतात, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कारण ओव्हनचे भाग ग्राहकास न देण्यासाठी कारखानदार जी प्रमुख हरकत पुढे करतात, ती सुरक्षिततेचीच.

त्या हरकतीत तथ्यांश आहे, आणि तो नाकारणे बेजबाबदारपणाचे ठरेल. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्येही मॅग्नेट्रॉन नावाचा भाग थंड ठेवणारा पंखा असतो, पण त्याच्या निकटच असलेल्या उच्च दाबाच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही प्राणघातक विद्युतभार शिल्लक राहू शकतो. तेथे अननुभवी माणसाने झाकण उघडूच नये. गॅसजोडणी असलेल्या रेंजचीही गोष्ट तशीच. परंतु यातून निष्पन्न होते ते इतकेच की, कोणता भाग कोणी बदलावा आणि कोठे हात लावू नये, हे कारखानदाराने माहितीपत्रकात स्पष्ट लिहिले पाहिजे. माहिती दडविल्याने धोका टळत नाही. त्यामुळे काम फक्त अंदाजाने करणाऱ्याच्या हाती जाते.

सुदैवाने, या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या कक्षेबाहेरचे नाही. मोटारींच्या सुट्या भागांची खुल्या बाजारातील विक्री रोखल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली चौदा कंपन्यांना एकूण अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. दंडावरून पुढे अपिले झाली, पण भाग अडवून धरणे हा व्यापाराचा निर्वेध हक्क नव्हे, हे तत्त्व तेव्हा अधिकृतपणे मांडले गेले. २०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा ठरविण्यासाठी समिती नेमली व शेतीची अवजारे, मोबाइल, गृहोपयोगी वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे विचारार्थ घेतली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यासाठी एक संकेतस्थळही सुरू झाले. परंतु संकेतस्थळावर माहिती ठेवणे आणि भाग पुरविण्याची सक्ती करणे यांत अंतर आहे. युरोपीय संघात २०२१ पासून, नव्याने विकल्या जाणाऱ्या शीतकपाटांचे ठरावीक भाग किमान सात वर्षे आणि धुलाई यंत्रांचे दहा वर्षे उपलब्ध ठेवण्याचे बंधन उत्पादकांवर आहे, आणि मागणीनंतर ते पंधरा कामकाजी दिवसांत पोचवावे लागतात. आपल्याकडे अशी मुदत कायद्याने बांधून दिल्याखेरीज हक्काची भाषा केवळ कागदोपत्री राहील.

म्हणून सरकारने गृहोपयोगी वस्तूंसाठी तीन गोष्टींचा अध्यादेश नव्हे, रीतसर नियम करावा: मॉडेलची विक्री थांबल्यावर किमान दहा वर्षे पंखा, थर्मोस्टॅट, कॉइल, दाराची बिजागरी यांसारखे झिजणारे भाग कोणत्याही कारागिरास वाजवी दराने मिळावेत, त्या भागांचे क्रमांक व जोडणीचा आराखडा प्रसिद्ध व्हावा, आणि भाग किती वर्षे मिळतील, हे ऊर्जेच्या ताऱ्यांप्रमाणे वस्तूवरच छापले जावे. यामुळे किंमत थोडी वाढेल, असा युक्तिवाद होईल. वाढू द्यावी, पाच वर्षांत दोन ओव्हन घेण्यापेक्षा ती वाढ निश्चित स्वस्त पडेल. आणि नियम होईपर्यंतही ग्राहक अगदीच निरुपाय नाही. पुढचा ओव्हन घेताना त्याने दुकानदारास, शीतक पंखा किती वर्षे आणि कितीला मिळेल, हे विचारावे आणि उत्तर बिलावर सहीनिशी लिहून मागावे. लिहून देण्यास जो कां-कूं करील, त्याच्याकडून ओव्हन घेऊ नये.