मेडशीचा महामार्ग आणि दिवाणी कायद्याची नवी वळणे

अकोल्याहून पातूरमार्गे वाशीमकडे जाताना वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात लागणारे मेडशी हे गाव महामार्गाच्या कागदपत्रांत वारंवार भेटते. अकोला ते तेलंगणातील संगारेड्डी या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 161 च्या चौपदरीकरणाचे या भागातील काम दोन टप्प्यांत विभागले गेले. अकोला ते मेडशी हा एक टप्पा आणि मेडशी ते वाशीम हा दुसरा. रस्ता रुंद होतो तेव्हा रस्त्याकडेच्या शेतजमिनी सरकारजमा होतात, मोबदल्याचे वाद उभे राहतात, मोबदला घरात आला की भावाबहिणींमध्ये हिश्श्याचा प्रश्न निघतो आणि हातात पैसा खेळू लागला की हातउसने व धनादेश यांचे व्यवहार वाढतात. गेल्या पाचसहा वर्षांत सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच विषयांवर महत्त्वाचे निकाल दिले आहेत. त्यांचा परिणाम अशा गावांपर्यंत पोहोचतो.

राष्ट्रीय महामार्गासाठीचे भूसंपादन 1956 च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली होते. सक्षम प्राधिकारी मोबदला ठरवतो. तो मान्य नसेल तर दाद न्यायालयात मागता येत नाही. केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे जावे लागते आणि हा लवाद बहुधा महसूल खात्यातील वरिष्ठ अधिकारीच असतो. अन्य प्रकल्पांसाठी जमीन गेलेल्या शेतकऱ्याला मोबदल्याच्या वाढीसाठी न्यायिक प्राधिकरणाचा दरवाजा मोकळा असतो, महामार्गात जमीन गेलेल्याला मात्र लवादाच्या निवाड्याविरुद्ध 1996 च्या लवाद कायद्यातील कलम 34 चा चिंचोळा मार्गच उरतो. एकाच गावातील दोन शेतकऱ्यांना, जमीन कशासाठी गेली एवढ्याच कारणावरून, दोन वेगळे न्याय मिळावेत ही गोष्ट न पटणारी आहे.

हा मार्ग किती चिंचोळा आहे, ते 20 जुलै 2021 रोजी स्पष्ट झाले. तमिळनाडूतील एका महामार्गासाठी गेलेल्या जमिनींना चौरस मीटरला 46 रुपये 55 पैसे ते 83 रुपये 15 पैसे असा दर देण्यात आला होता. जिल्हा न्यायालयाने तो 645 रुपयांपर्यंत वाढवला. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण विरुद्ध एम. हकीम या प्रकरणात न्या. रोहिंटन नरिमन आणि न्या. भूषण गवई यांच्या खंडपीठाने सांगितले की, कलम 34 खाली न्यायालय लवादाचा निवाडा रद्द करू शकते, त्यात दुरुस्ती करू शकत नाही. त्या प्रकरणातील शेतकऱ्यांचा वाढीव मोबदला खंडपीठाने काढून घेतला नाही, ही न्यायबुद्धीची बाब. कायद्याचे तत्त्व मात्र प्राधिकरणाच्या बाजूने ठरले. दर अन्यायकारक आहे असे न्यायालयाला पटले, तरी निवाडा रद्द करून शेतकऱ्याला पुन्हा लवादाच्या दारात पाठवायचे, एवढेच हाती राहिले.

या भूमिकेला 30 एप्रिल 2025 रोजी काहीशी मुरड पडली. गायत्री बालसामी प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने मर्यादित दुरुस्तीचा अधिकार मान्य केला. न्या. के. व्ही. विश्वनाथन यांनी भिन्न मत नोंदवले. मूळचे अमरावतीचे न्या. गवई हकीम प्रकरणातही होते आणि या बहुमतातही होते, हा योगायोग विदर्भातील वाचकांच्या लक्षात राहावा. निवाड्याचा सदोष भाग निर्दोष भागापासून वेगळा काढता येत असेल, हिशेबाची किंवा टंकलेखनाची उघड चूक असेल, निवाड्यानंतरच्या व्याजाचा प्रश्न असेल, तर न्यायालय हात घालू शकेल. सर्वोच्च न्यायालयाला राज्यघटनेच्या अनुच्छेद 142 खालील अधिकारही वापरता येतील.

मेडशीच्या शेतकऱ्याला याचा उपयोग किती? जमीन, विहीर आणि संत्र्याची झाडे असे मोबदल्याचे वेगवेगळे शीर्ष असतील आणि दोष एकाच शीर्षात असेल, तर तेवढाच भाग बाजूला काढून बाकीचा निवाडा टिकवता येईल. व्याजाच्या प्रश्नातही दिलासा मिळू शकेल. पण तक्रारींचे मूळ असलेला दर हा गुणदोषांचा विषय आहे आणि घटनापीठाने गुणदोषांची फेरतपासणी करण्याची मुभा दिलेली नाही. म्हणून या निकालामुळे आता जिल्हा न्यायालय दर वाढवून देईल, असे जे समजत असतील त्यांची निराशा होईल. खरी लढाई लवादापुढेच लढावी लागते. लगतच्या जमिनींची खरेदीखते, पीकपेऱ्याच्या नोंदी, विहिरीचे व झाडांचे पंचनामे तेथे सादर झाले नाहीत, तर पुढे कोणतेही न्यायालय ती उणीव भरून काढत नाही. निवाड्याची प्रत हाती पडल्यापासून तीन महिने आणि सबळ कारण असल्यास त्यावर 30 दिवस, एवढीच कलम 34 ची मुदत आहे. त्यानंतरचा विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायालयालाही नाही. कायद्यातील सूक्ष्म युक्तिवादांपेक्षा या मुदतीचे अज्ञान अधिक घातक ठरते.

मोबदल्याच्या रचनेबाबत परिस्थिती तुलनेने समाधानकारक आहे. 1 जानेवारी 2015 पासून महामार्गाच्या भूसंपादनालाही 2013 च्या कायद्यातील मोबदल्याच्या तरतुदी लागू झाल्या असून त्यांत 100 टक्के दिलासा रक्कम अंतर्भूत आहे. त्याआधी, 1997 ते 2015 या काळात जमीन गेलेल्यांना दिलासा रक्कम व व्याज नाकारणारी तरतूद 19 सप्टेंबर 2019 च्या तरसेम सिंग निकालाने घटनाबाह्य ठरवली. हा निकाल केवळ पुढील काळापुरता मानावा, ही प्राधिकरणाची विनंती न्यायालयाने 4 फेब्रुवारी 2025 रोजी फेटाळली.

रक्कम जमा झाली की दुसरा प्रश्न उभा राहतो. सातबारावर वडिलांचे किंवा थोरल्या भावाचे नाव असते आणि बहिणी सासरी असतात. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासूनच मुलींना सहदायिकत्व दिले होते, पण त्यापूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. केंद्राची दुरुस्ती 2005 मध्ये आली आणि विनीता शर्मा प्रकरणातील 11 ऑगस्ट 2020 च्या निकालाने उरलासुरला संशयही मिटवला. मुलीचा हक्क जन्मजात आहे. 9 सप्टेंबर 2005 रोजी वडील हयात असणे आवश्यक नाही. 20 डिसेंबर 2004 पूर्वीची रीतसर वाटणी अबाधित राहते, मात्र तोंडी वाटणीचा बचाव सार्वजनिक कागदपत्रांचा भक्कम आधार असल्याखेरीज सहसा टिकत नाही. ‘वाटणी कधीच झाली आहे’ हे गावोगावी ऐकू येणारे वाक्य त्यामुळे पूर्वीसारखे निर्णायक राहिलेले नाही.

हिश्श्याचा वाद निर्माण झाल्यास सक्षम प्राधिकाऱ्याने तो स्वतः निकाली काढू नये, महामार्ग कायद्याच्या कलम 3एच(4) नुसार प्रमुख दिवाणी न्यायालयाकडे पाठवावा, हे विनोद कुमार प्रकरणात जुलै 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. एका अर्जावर रक्कम एकाच्या खात्यात जमा करण्याच्या पद्धतीला त्यामुळे आळा बसायला हवा. हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या घेण्याची रूढी अजून चालू आहेच. स्वखुशीने हक्क सोडण्यास कायद्याची हरकत नाही, परंतु दस्त नोंदणीकृत असावा लागतो आणि मोबदल्याचा आकडा समजण्यापूर्वी घेतलेल्या सहीला स्वखुशी म्हणावे काय, असा प्रश्न पडतो.

धनादेश न वटण्याच्या प्रकरणांतील ताजा बदल गोव्यातून आला. संजाबीज तारी प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचा निकाल फिरवताना सर्वोच्च न्यायालयाने 25 सप्टेंबर 2025 रोजी देशभरातील न्यायालयांसाठी निर्देश दिले. 20 हजारांपेक्षा अधिक रक्कम रोखीने उसनी दिली म्हणजे प्राप्तिकर कायद्याचा भंग झाला, पण तेवढ्यावरून कर्जच वसुलीयोग्य नाही असे म्हणता येणार नाही, हा त्यातील मुद्दा खेड्यांतील व्यवहारांना थेट लागू पडतो. फिर्यादीने समन्स स्वतः तसेच इलेक्ट्रॉनिक मार्गाने बजावावे, आरोपीला आरंभीच ऑनलाइन रक्कम भरून प्रकरण मिटवण्याची सोय असावी, असेही निर्देशांत आहे. आरोपीने आपला पुरावा नोंदवला जाण्यापूर्वी रक्कम भरल्यास जादा खर्च लागत नाही. त्यानंतर पण निकालापूर्वी भरल्यास 5 टक्के, सत्र किंवा उच्च न्यायालयात साडेसात टक्के आणि सर्वोच्च न्यायालयात 10 टक्के. धनादेश परत आल्याचे कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर पैसे देण्यास 15 दिवस आणि त्यानंतर महिनाभरात फिर्याद, हे वेळापत्रक मात्र पूर्वीचेच आहे.

व्यापाऱ्यांसाठी दोन गोष्टी थोडक्यात. 3 लाख रुपये व त्यावरील वाणिज्यिक वादात, तातडीचा दिलासा मागितला नसेल तर, दाव्यापूर्वी मध्यस्थी अनिवार्य आहे. पाटील ऑटोमेशन निकालानुसार 20 ऑगस्ट 2022 पासून तिच्याशिवाय आलेला दावा फेटाळला जातो. दुसरी गोष्ट प्राप्तिकर कायद्यात आर्थिक वर्ष 2023-24 पासून आलेल्या तरतुदीची. सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे लेखी करार नसल्यास 15 दिवसांत, करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते न केल्यास त्या वर्षी खर्चाची वजावट मिळत नाही. नोंदणीकृत डाळ मिलला हे संरक्षण आहे, केवळ खरेदीविक्री करणाऱ्या अडत्याला नाही. मिलला माल विकणारा शेतकरी तर या तरतुदीच्या कक्षेबाहेरच आहे.

त्याला आधार ग्राहक कायद्याचा, तोही खरेदीदार म्हणून. बियाणे न उगवल्यास शेतकरी ग्राहक ठरतो, हे राष्ट्रीय बीज महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच सांगितले आहे. पेरून टाकलेले बियाणे तपासणीसाठी आणायचे कोठून, हा शेतकऱ्याचा सवालही न्यायालयाने रास्त मानला. 2020 च्या खरिपात राज्यभर सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला, तेव्हा या निकालाचे महत्त्व पुन्हा जाणवले. जिल्हा ग्राहक आयोगात 50 लाखांपर्यंतची तक्रार करता येते आणि मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. त्यासाठी बियाण्याची पावती, पिशवी व तिच्यावरील खूणचिठ्ठी आणि तालुका तक्रार निवारण समितीचा पंचनामा जपून ठेवावा लागतो. पंचनाम्यासाठी अर्ज पीक उभे असतानाच करावा लागतो. शेत मोडून दुबार पेरणी झाल्यावर समितीला पाहण्यासारखे काही उरत नाही.