टाउन हॉलचे छायाचित्र

शहाडहून रविवारी कॅमेरा घेऊन मुंबईस जाणारे हौशी तरुण बहुधा बोरीबंदरपाशीच थबकतात. त्यांनी थोडे पुढे चालून १८३३ साली पुरा झालेला टाउन हॉल टिपावा, असे आम्ही सुचवितो. दर्शनी भाग पश्चिमाभिमुख. म्हणून तिसऱ्या प्रहरीच जावे, त्या वेळी डोरिक स्तंभांच्या पन्हळींत सावली भरते. पायऱ्यांशी उभे राहून कॅमेरा वर कलविला की स्तंभ मागे कोसळतात की काय असे वाटते, आणि ग्रीक धाटणीचा सारा डौल तर सरळ रेषांत! तेव्हा हॉर्निमन सर्कलकडे मागे सरून कॅमेरा समपातळीत धरावा. आत एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे. तेथील वाचक ३० पायऱ्यांवर विसावले असल्यास त्यांस मुळीच उठवू नये. त्यांच्यावाचून वास्तूची उंची कळावयाची नाही.